काउंटरवरचा जुना बुश

मी एक जुना बुश आहे, मित्रांनो. आता बुश म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत नसणार आणि त्यात तुमची काही चूक नाही. मला बघून कुणी गाडी घेत नाही. गाडी घेताना लोक रंग बघतात, सीट दाबून बघतात, हॉर्न वाजवून बघतात. खाली वाकून "बुश कसे आहेत हो?" असं विचारणारं गिऱ्हाईक निदान मी तरी पाहिलेलं नाही.

तर आधी ओळख करून देतो. लोखंडी कड्याच्या आत घट्ट बसवलेलं रबर, मधून आरपार भोक, आकार मोठ्या पेरूएवढा. हा झालो मी. ज्या गाडीत मी होतो तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक जड बिडाचं भांडं टांगलेलं असतं. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून आलेली ताकद ते दोन्ही चाकांना वाटून देतं. वाटणी म्हटली की आदळआपट आलीच. ड्रायव्हरनं पाय दाबला की ते भांडं उसळतं, पाय काढला की आदळतं. हे वर बसलेल्या माणसाला कळू नये म्हणून भांडं आणि गाडी यांच्या मध्ये आम्हाला बसवतात. धक्का आला की तो पोटात घालायचा आणि वर काही बोलायचं नाही, एवढंच आमचं काम.

म्हणजे बधिर असणं हाच माझा गुण होता. सुख झालं, दुःख झालं, असं मला फारसं कधी वाटलं नाही. आताही वाटत नाही. जे झालं ते जसं झालं तसं सांगतो, एवढंच.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. गरम रबर साच्यात ओतलं, दाबलं, थंड केलं, ठोकून बघितलं आणि डब्यात भरलं. आईबाप नाहीत, बारसं नाही. अंगावर काही आकडे उमटवले होते, तेच नाव. आम्ही तिघं भाऊ एकाच पिवळ्या गाडीला लागलो. ती दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती. जमिनीला पोट टेकेल की काय अशी बसकी, आणि आवाज मात्र बुलेटला लाजवणारा. पहिली काही वर्षं ती पुण्यात कुणा हौशी माणसाकडे होती. तो ती रविवारीच काढायचा. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण त्या दिवसांत काही झालंच नाही.

मग ती सत्यजीतनं घेतली. सत्यजीत दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचा. त्याचे वडील सर्जेराव, गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांची बागायत आणि गुऱ्हाळ. सत्यजीत मात्र रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर. आठवडाभर कारेगावात खोली करून राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. गाडीचा नाद त्याला लहानपणापासून. पिवळी गाडी दारात उभी राहिली तेव्हा सगळी आळी बघायला आली. त्याची आई सोजराबाई ओवाळायला ताट घेऊन आली. गाडीत डोकावली आणि ताट हातात तसंच ठेवून म्हणाली, "दोनच मान्सं बसत्यात व्हय? मंग उद्या पोरं झाल्यावर ती काय डिक्कीत टाकणार?"

"आधी लगीन तर हू दे," सत्यजीत म्हणाला.

"ह्या गाडीत बघाया गेलास तर पोरीचा बाप आधी इचारील, आम्ही कुठं बसायचं म्हनून."

 आप्पा गाडीभोवती फिरले, वाकले आणि खाली नजर टाकली. मला बघितलेला तो पहिला माणूस. मला तेव्हा बरं वाटायला हवं होतं.

त्यानंतर माझ्या कामाला खरी सुरुवात झाली. कारेगावहून कासुर्डीला यायचं म्हणजे न्हावरा, चौफुला करत यायचं. उसाच्या ट्रॉल्यांनी खणून ठेवलेला रस्ता, आणि प्रत्येक गावाला आपला एक स्पीडब्रेकर, तोही गावच्या मानाला शोभेल एवढा उंच. सत्यजीत ट्रॉलीच्या मागे मागे यायचा आणि जागा दिसली की पाय दाबायचा. भांडं उसळायचं, आम्ही ते झेलायचो. वर सत्यजीत गाणं म्हणत असायचा. त्याला काही कळायचं नाही. हे चांगलंच होतं, आमचं काम नीट चाललं होतं याचीच ती खूण.

पण मित्रांनो, मला रस्त्यानं नाही संपवलं. मला संपवलं ते मायेनं. कसं ते सांगतो.

आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुतात, हार घालतात, लिंबू बांधतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. धुतल्यावर गाडीच्या पोटाला खालून डिझेल आणि जळकं ऑइल एकत्र करून फवारायचं. गंज धरत नाही, स्प्रिंगचे पाटे करकरत नाहीत, आणि खालून कशी काळीभोर चमकते. आप्पांनी आयुष्यभर ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला असं केलं होतं. ट्रॅक्टरला त्यानं काही झालं नाही, तो पडला लोखंडाचा.

पहिल्याच दसऱ्याला आप्पांनी ट्रॅक्टर आटोपला आणि फवारणीचा पंप घेऊन ते पिवळ्या गाडीकडे वळले. सत्यजीत म्हणाला, "आप्पा, हिला नगं. ही वायली हाय."

"वायली कशी? हिला काय पोट न्हाई?"

"तसं न्हाई, पण..."

"पोटाखालून डिझेल गेल्याबिगर गाडीचा दसरा व्हत न्हाई. सर बाजूला."

आणि तो साठी ओलांडलेला माणूस गोणपाट अंथरून त्या बसक्या गाडीखाली स्वतः सरपटत शिरला. गडी होते, पण गड्याला सांगितलं नाही. कोपरा न् कोपरा हातानं भिजवला. आम्हा तिघांना तर दोनदा मारलं, कारण रबर त्यांना कोरडं दिसलं. "तहानल्यात बिचारे," असं ते पुटपुटल्याचं मी ऐकलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशा काळ्या झाल्या होत्या आणि चेहरा समाधानी दिसत होता.

रबराला डिझेल म्हणजे विष. हे आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यांना पटलं नसतं. रबर आधी फुगतं, मऊ होतं, छान वाटतं. मग ढिलं पडतं. मग चिरा पडतात. वर्षामागून वर्ष दसरा येत राहिला आणि आप्पा गोणपाट घेऊन येत राहिले. मी फुगलो, ढिला पडलो, आणि शेवटी लोखंडी कड्यापासून सुटलो. भांडं उसळलं की आता ते थेट लोखंडावर आदळायचं. ठक. पाय दाबला की ठक, पाय काढला की ठक. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं ते वर ऐकू जायला लागलं.

सत्यजीत गाडी घेऊन दौंडला आला, महबूब मिस्त्रींकडे.

महबूब मिस्त्रींचं गॅरेज दौंडला स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर आहे. त्यांचे वडील रेल्वेत फिटर होते, आणि महबूबभाई मोटारींकडे वळले. आप्पांचा पहिला ट्रॅक्टर त्यांनीच खोलला होता, तेव्हा दोघांच्याही मिशा काळ्या होत्या. गॅरेजच्या पुढच्या बाजूला स्पेअर पार्टचं काउंटर आहे. ते त्यांची थोरली मुलगी सुफिया सांभाळते. ती तिशीच्या आतबाहेरची आहे, कमी बोलणारी, आणि कुठला नट कुठल्या डब्यात आहे हे झोपेतही सांगेल अशी.

महबूबभाईंचं नाव होतं ते त्यांच्या हातासाठी. गाडी कुणाला तरी हलवायला लावायची, आपण खाली निजायचं आणि डोळे मिटून सांध्यावर बोट ठेवायचं. कुठं किती खेळ आहे ते बोटाला कळायचं. "महबूबचा हात लागला की गाडी खरं बोलती," असं पाटस-कुरकुंभपर्यंतचे लोक म्हणत. मशीन आलं, कॉम्प्युटर आला, पण लोक आपले त्या बोटासाठी येत. त्या बोटावर त्यांचं घर चालायचं. त्याहून जास्त म्हणजे, त्या बोटावर ते ताठ चालायचे.

सत्यजीतनं गाडी हलवली. महबूबभाई माझ्या खाली निजले, डोळे मिटले आणि नेमकं माझ्या फटीत बोट ठेवलं. मी म्हटलं, आता कळणार. भांडं उसळलं, फट मिटली आणि त्यांच्या बोटाचं टोक लोखंडात चिमटलं. रक्ताचा थेंब माझ्यावर पडला. मी वाट बघत राहिलो की आता हा माणूस ओरडेल, हात काढेल, शिवी देईल. त्यांचे डोळे मिटलेलेच. चेहरा शांत.

"हितं कायबी न्हाई," ते म्हणाले. "शाफ्टचा जॉइंट गेला असंल."

मला काही समजेना. बधिर तर मी असायचं. तो काही त्यांचा धंदा नव्हता.

जॉइंट बदलला. सत्यजीत गाडी घेऊन गेला आणि पुढच्या शनिवारी परत आला. "चाचा, आवाज हाय तसाच हाय," तो खाली बघत म्हणाला. असं सांगायची त्याच्यावर पहिलीच वेळ होती, आणि ऐकायची महबूबभाईंवरही. बाकावर चहा पीत बसलेल्या दोन-तीन माणसांनी कप खाली ठेवले. सुफियानं काउंटरवरून मान वर केली.

"बघतो," महबूबभाई म्हणाले आणि खाली शिरले. शिरताना त्यांची डाव्या पायातली चप्पल बाहेरच राहिली. त्यांना ते कळलं नाही. सुफियाच्या लक्षात आलं. ही चप्पल आजकाल अशीच कुठंही सुटून पडायची आणि हे तसेच अनवाणी चालत राहायचे. ती दर वेळी उचलून आणून पायाशी ठेवायची, आणि म्हातारपण आलं असं मनात म्हणायची.

गाडी कासुर्डीहून तडक आलेली, सायलेन्सर तापलेला. महबूबभाईंनी एका हातात टॉर्च धरला आणि आधाराला दुसरा हात वर टेकवला, तो नेमका सायलेन्सरच्या पाइपवर. टेकवला आणि तसाच ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी नाक वर करून वास घेतला. "रबर जळतंय कुठं तरी," ते स्वतःशीच म्हणाले, आणि टॉर्च फिरवून रबर शोधायला लागले. शोधता शोधता उजेड माझ्यावर पडला. माझ्या चिरा दिसल्या, चिरांतून पाझरलेलं काळं तेल दिसलं. "आगं आयो," ते म्हणाले, "तू हायस व्हय." त्यांनी पहार घालून मला हलवलं. मी गदागदा हललो. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते आणि मला नुसतं बघितलं.

मग वासाकडे पुन्हा लक्ष गेलं. माझं रबर तर जळत नव्हतं. टॉर्च हळूहळू सरकला आणि त्यांच्या स्वतःच्या हातावर येऊन थांबला. तळव्याची कातडी पाइपाला चिकटली होती.

त्यांनी हात काढून घेतला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले. दुसऱ्याचा हात बघावा तसे. ओरडले नाहीत, कारण दुखलंच नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. ते फक्त मी पाहिलं, मित्रांनो. मला कीव यायला हवी होती. मी नुसता लोंबकळत होतो.

त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "बुश गेल्यात. डिफरन्शियलचे. तिन्ही."

"बघा, म्हटलं न्हवतं? मिस्त्रींचा हात हाय," बाकावरचा एकजण म्हणाला. महबूबभाईंनी तो हात पाठीमागे घेतला.

नवे बुश पुण्याहून मागवले. सुफियानं ते घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले, कारण थंड केलं की लोखंडी कडं किंचित आकसतं आणि आत नीट जातं. तिच्या आईनं, रशिदानं, आधी खूप कटकट केली. मटणाच्या पिशवीशेजारी लोखंड कशाला म्हणून. मग स्वतःच ते स्वच्छ फडक्यात बांधून ठेवले.

मला काढलं तो दिवस साधाच होता. सायलेन्सर उतरवला, भांड्याखाली जॅक दिला, बोल्ट सोडले. माझे दोन भाऊ खेचणीनं एका दमात निघाले आणि भंगाराच्या ड्रममध्ये गेले. माझं कडं मात्र जागेला गच्च चिकटून बसलं होतं. मला करवतीनं चीर पाडून काढावं लागलं. इतक्या वर्षांची जागा सुटली. काही वाटलं नाही.

मग नवा बुश बसवायचा. त्याच्या कडेला एक बारीक खूण असते. ती बरोबर वर यायला हवी, नाहीतर रबर उलट्या बाजूनं मार खातं आणि वर्षभरात फाटतं. महबूबभाई आजवर ती खूण अंगठ्यानं चाचपायचे. बघायचेही नाहीत. त्यांनी फडकं बांधलेल्या हातात नवा बुश धरला. अंगठा फिरवला, परत फिरवला, उलटा करून फिरवला. साबणाच्या पाण्यानं बुश बुळबुळीत झालेला, तो हातातून सटकून खाली पडला. त्यांना पडल्याचा आवाज ऐकू आला तेव्हा कळलं.

"सुफिया," त्यांनी हाक मारली. "जरा हिकडं ये. निशाण वर हाय का बघ."

सुफिया काउंटर सोडून आली. वडिलांनी निशाण बघायला कुणाला बोलवल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं बुश उचलला, खूण वर करून त्यांच्या हातात दिला, आणि तेव्हा फडकं बघितलं. ग्रीसचं असेल म्हणून तिनं ते सहज सोडलं.

"अब्बा, हे कवाचं?"

"झालं आठ दिस."

"भाजलंय एवढं. सांगितलं का न्हाई?"

"कळलं न्हाई."

"कळलं न्हाई म्हंजी?"

"म्हंजी कळलं न्हाई, बेटा."

ती त्यांच्या तळव्याकडे बघत राहिली. जखम ओली होती, कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मग तिनं असं काही केलं की मलाही ते विसरता येत नाही. तिनं नखानं त्यांच्या चांगल्या बोटाच्या टोकाला जोरात चिमटा काढला आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते तिच्याकडे बघत होते, काय करतेय याची वाट बघत असल्यासारखे.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पायाचं लई दिस झालं. हाताचं... औंदा."

त्यांना साखरेचा आजार होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घरी रशिदा बिनसाखरेचा चहा द्यायची आणि कारल्याचा रस पाजायची. पण माणूस दिवसभर असायचा गॅरेजवर. तिथं एक रीत होती. काम झालं की गाडीपुढं नारळ फोडायचा आणि पहिला पेढा मिस्त्रीच्या तोंडात घालायचा. तो मिस्त्रीचा मान. देवाला नंतर दाखवला तरी चालतो, असं लोक हसून म्हणायचे. दसऱ्याला तर सकाळपासून रांग. मारुतीवाला आला, पेढा. टेम्पोवाला आला, बर्फी. कासुर्डीचे आप्पा तर स्वतःच्या गुऱ्हाळाची ढेप घेऊन यायचे आणि तिथंच फोडून खडा तोंडात घालायचे. नाही म्हणणार कसं? तोंडाशी आलेला मानाचा हात परत फिरवला तर माणूस तुटतो. म्हणून महबूबभाई तोंड उघडायचे आणि हसायचे. वर्षानुवर्षं त्यांनी सगळ्यांची माया अशी पोटात घातली.

"बिलाचं बघून घे," ते सुफियाला म्हणाले आणि नवा बुश दाबून बसवायला लागले. ती हलली नाही. ती खूण वर आहे का ते बघत तिथंच उभी राहिली. बाकीचे दोन बुश तिनंच धरले.

संध्याकाळी गाडी न्यायला सत्यजीत आला आणि त्याच्याबरोबर आप्पाही. गाडी एक चक्कर मारून आणली. पाय दाबला, काढला. आवाज नाही. सत्यजीतच्या तोंडावर लहान मुलासारखं हसू आलं. आप्पांनी नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं आणि पेढ्यांचा पुडा सोडला.

आप्पांना दाखवायला म्हणून मला काउंटरवर ठेवलं होतं. महबूबभाईंनी मला उचललं, चांगल्या हातात. "आप्पा, आधी ह्यो बघा," ते म्हणाले. "ह्यो घासून न्हाई गेला. डिझेलनं खाल्लाय. रबराला डिझेल चालत न्हाई. ही गाडी निस्त्या पाण्यानं धूत जा."

आप्पांनी मला घेतलं. माझ्या चिरांत बोट घातलं. बोट काळं झालं. "आरं पर," ते म्हणाले, "म्या तर चांगल्यासाठीच मारीत व्हतो. लोकं गड्याकडनं करून घेत्यात, म्या सोता खाली शिरून मारायचो."

"म्हनून तर कोपरा सुटला न्हाई," महबूबभाई म्हणाले. सत्यजीत हसला. आप्पाही ओशाळून हसले. त्यांनी मला खाली ठेवलं, बोट धोतराला पुसलं आणि पेढा उचलला. "घ्या मिस्त्री, तुमचा मान." हात पुढे आला. महबूबभाईंचं तोंड सवयीनं उघडायला लागलं.

सुफिया काउंटरमागून बाहेर आली. तिनं वडिलांचा भाजलेला हात धरला, फडकं सोडलं आणि तळवा वर करून आप्पांच्या पेढ्याच्या हाताखाली धरला.

"आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीबी चांगल्यासाठीच देताय. आमाला ठावं हाय. पण ह्यांनाबी ते चालत न्हाई."

महबूबभाई म्हणाले, "सुफिया, गप."

तिनं हात सोडला नाही. आप्पा त्या तळव्याकडे बघत राहिले. मग काउंटरवर माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तळव्याकडे. पेढा त्यांच्या दोन बोटांत तसाच होता. तो त्यांनी स्वतःही खाल्ला नाही आणि मुलाच्याही तोंडात घातला नाही. पुड्यात परत ठेवला आणि दोरी बांधायला लागले. ती त्यांना लवकर बांधता येईना.

"दुखतंय का, महबूब?" त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले नाहीत. नुसतं महबूब.

"न्हाई ना," महबूबभाई म्हणाले. "त्येच तर हाय."

दुसऱ्या दिवशी आप्पाच पिवळी गाडी घेऊन आले. शेजारी सत्यजीत. दोनच माणसं बसतात म्हणून त्यांनी सत्यजीतला गॅरेजवर उतरवलं आणि महबूबभाईंना शेजारी बसवून दवाखान्यात नेलं. सुफिया स्कूटीवर मागून गेली. दोनच माणसांच्या गाडीत बाकीचे कुठं बसणार, या सोजराबाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं, असं मी मनाशी म्हटलं. डॉक्टरांनी पायाचे तळवे बघितले, हात बघितला, आणि पाय वाचला हेच नशीब म्हणाले. जखम भरायला गणपती येऊन गेले. साखरेनं गेलेली बोटांतली जाण मात्र आली नाही. ती येत नसते म्हणे.

आता गाडीखाली सुफिया शिरते. महबूबभाई स्टुलावर बसतात आणि विचारतात, "काय म्हनती?" ती सांगते, ते ऐकतात आणि मग बोलतात. सुरुवातीला गिऱ्हाइकं कुरकुरली, पोरगी काय बघणार म्हणून. नंतर आपोआप थांबली. भिंतीवर कुणी पाटी लावली नाही, पण पेढ्याचे पुडे यायचे बंद झाले, कारण ते घेऊन कुणी आलंच तर सुफिया आधी मला त्याच्या हातात देते आणि माझी गोष्ट सांगते. एवढंच माझं आता काम. काउंटरवर वजनासारखा बसून असतो. मला कुणी फेकून दिलं नाही याचा आनंद व्हायला हवा. होत असेलही, कळत नाही.

परवा दसरा झाला. आप्पा आले. गाडी नुसत्या पाण्यानं धुतलेली होती, हार मात्र नेहमीपेक्षा मोठा. हातात पेढा नाही, ढेप नाही. खिशात फुटाण्याची पुडी आणि आपट्याची पानं. महबूबभाई स्टुलावर बसले होते, आणि रस्त्यावर कुणाचा तरी ट्रॅक्टर धूर सोडत चालला होता तिकडे बघून सुफियाला काही सांगत होते. आप्पा जवळ आले.

"सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," ते म्हणाले.

महबूबभाईंनी ट्रॅक्टरवरची नजर न काढता हसून हात पुढे केला. आप्पांनी तळव्यावर पान ठेवलं. जिथं नवी, गुलाबी कातडी आली आहे, बरोबर तिथं. आणि हात जोडून उभे राहिले.

महबूबभाईंचा हात तसाच पसरलेला.  ट्रॅक्टर वळून दिसेनासा झाला.

"द्या की, आप्पा," ते म्हणाले.

आप्पांच्या ओठांवरच्या मिशा हलल्या. "दिलं की कवाच," ते म्हणाले.

महबूबभाईंनी खाली बघितलं. पान होतं. त्यांनी दुसऱ्या हातानं आप्पांचा हात धरला, मग पान छातीला लावून खिशात ठेवलं. सुफियानं काउंटरवर पुसायला काही नसताना फडकं फिरवलं आणि मला इकडून तिकडे सरकवलं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. गाडीचे बुश कधीतरी वाकून बघा, आणि डिझेल मारू नका. आणि तुमच्या घरात एखादं माणूस असेल, जे सगळं पोटात घालतं आणि कधीच दुखलं म्हणत नाही, तर आज जवळ जाऊन त्याच्या हातावर काहीतरी ठेवा. पान ठेवा, फूल ठेवा, नुसतं बोट ठेवा. आणि त्याला कळतंय का, तेवढं बघा.